एकोणीस माणसं आणि एक बाटली

डॉक्टर सांगतात, बहुतेकांना ह्या औषधाने गुण येतो. मावशी सांगते, शेजारच्या काकांना त्यानेच त्रास झाला होता. आपण ऐकतो कुणाचं? मावशीचंच! ह्या सवयीची एक जुनी गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओदेसात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात अवघ्या तीन महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, ६ दगावले. घेतलेल्यांत आजारी २, मृत्यू एकही नाही. पुढे लाखो लोकांनी लस घेतली.

मग ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. लाखोंचा हिशोब बाजूला पडला. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं.

गंमत म्हणजे त्यांची सुटका झाली तीही ह्याच गोष्टीतून, पण ती नीट मोजल्यावर. गेलेले सगळे १९ जण एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे लावून धरलं. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

मला वाटतं, एखाद्याचा अनुभव 'अपवाद' म्हणून झटकून टाकू नये आणि त्यालाच नियमही मानू नये. कितीजणांतले किती, आणि नेमकं काय घडलं, हे दोन्ही विचारावं. अर्थात मुलकोवालच्या त्या १९ घरांना ह्या हिशोबाने काय दिलासा मिळणार? त्यांचं माणूस गेलं ते गेलंच.

असो. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचं नाव दिलं गेलं. तिथून जाताना मला मात्र तो चिमटाच आठवतो.