शाखा कार्यालयांची इंटरनेट-दूरध्वनी जोडणी

एखाद्या कंपनीच्या मुख्यालयातील दूरध्वनी यंत्रणेत दूरच्या लहान शाखेतील दूरध्वनी संगणकीय जाळ्याद्वारे समाविष्ट करण्याच्या व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. अशी जोडणी झाल्यावर शाखेतील कर्मचारी मुख्यालयातील सहकाऱ्याशी तीन किंवा चार अंकी अंतर्गत क्रमांक फिरवून बोलू शकतो आणि शाखेत स्वतंत्र केंद्र बसवावे लागत नाही. मात्र त्यामुळे शाखेचे सर्व बोलणे दूरच्या एका संगणकावर आणि त्याच्याशी जोडणाऱ्या एका मार्गावर अवलंबून राहते. ही सोय मिळविताना पदरी येणारे परावलंबन कसे कमी करावे, हा प्रश्न या तंत्राच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आढळतो.

पूर्वपीठिका : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये दूरध्वनीचे एकस्व मिळाले आणि १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत १८८२ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीची केंद्रे उघडली. पुढे मोठ्या कचेऱ्यांनी आपली खाजगी केंद्रे बसविली. लहान शाखेपुढे मात्र दोनच पर्याय असत : सार्वजनिक जाळ्यातून दूर अंतराचे संभाषण मागणे किंवा मुख्यालयापर्यंत खास तार भाड्याने घेणे. पहिल्या पर्यायात ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहावी लागे. भारतात ग्राहकाने स्वतः दूरचा क्रमांक फिरविण्याची सोय १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर प्रथम झाली. दुसऱ्या पर्यायाचा खर्च अंतरानुसार वाढत जाई व तार वापरात नसतानाही भाडे द्यावे लागे.

ध्वनीचे पॅकेट-प्रेषण : अंकीय दूरध्वनीत आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतात. म्हणजे एका संभाषणासाठी सेकंदास ६४,००० बिटांचा मार्ग लागतो आणि बोलणारा गप्प असला, तरी तो मार्ग अडून राहतो. याहून वेगळी कल्पना १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डॉनल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. माहितीचे लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालावयाचा व ते सामाईक मार्गाने पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. या तुकड्यांस डेव्हिस यांनी पॅकेट हे नाव दिले. या तत्त्वावर १९६९ मध्ये आर्पानेट हे जाळे उभे राहिले. त्यावरून १९७४ मध्ये डॅनी कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची एक संस्था आणि मॅसॅचूसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यात आवाज पाठवून दाखविला. या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. मजकुराचे हरवलेले पॅकेट पुन्हा मागविता येते; आवाजाचे उशिरा आलेले पॅकेट मात्र निरुपयोगी असते. संभाषणात अचूकतेपेक्षा वेळेला अधिक महत्त्व असते.

सामान्य संगणक वापरणाऱ्यांपर्यंत हे तंत्र १९९५ मध्ये व्होकलटेक या इझ्राएली कंपनीच्या इंटरनेट फोन या आज्ञावलीमुळे पोहोचले. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाने १९९६ मध्ये एच.३२३ हे मानक प्रसिद्ध केले, तर १९९९ मध्ये सिप हा अधिक सुटसुटीत संकेत प्रसिद्ध झाला. याच सुमारास मार्क स्पेन्सर यांनी अ‍ॅस्टेरिस्क ही सर्वांस खुली असलेली आज्ञावली तयार केली आणि साध्या संगणकावर कार्यालयाचे दूरध्वनी केंद्र चालविणे शक्य झाले.

शाखेतील अडचणी : नव्या व्यवस्थेत शाखेतील दूरध्वनी सुरू होताच मुख्यालयातील नियंत्रक संगणकाकडे आपली नोंद करतो. क्रमांक फिरविल्यावर त्याचा संकेत नियंत्रकाकडे जातो. प्रत्यक्ष आवाज मात्र बहुधा दोन दूरध्वनींमध्ये परस्पर वाहतो. तत्त्वतः हे सोपे असले, तरी शाखेचा अरुंद मार्ग ही मोठी अडचण होती. आवाजाचा संकोच करून तो सेकंदास ८,००० बिटांत बसविणारे जी.७२९ हे मानक १९९६ मध्ये आले. पण दर सेकंदास ५० पॅकेटे पाठविल्यास प्रत्येकात आवाजाचे २० बाइट आणि पत्ता इत्यादी तपशिलाचे ४० बाइट असतात. म्हणजे प्रत्यक्षात २४,००० बिटांचा मार्ग लागतो. पत्राच्या कागदाहून पाकीट दुप्पट जड व्हावे, तसा हा प्रकार होता. हा तपशील २ ते ४ बाइटांत बसविण्याची रीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसरी अडचण खोळंब्याची. सेकंदास ६४,००० बिटांच्या मार्गावरून १,५०० बाइटांचे एक पॅकेट जाण्यास सु. ०·१९ सेकंद लागतो. संभाषणात एका दिशेचा विलंब ०·१५ सेकंदाच्या आत असावा, असे मानले जाते. म्हणजे शाखेतून कोणी एखादा मोठा अहवाल मुख्यालयास पाठवीत असेल, तर त्याच्या एकाच पॅकेटामागे अडकलेला आवाज ही मर्यादा ओलांडी. यावर उपाय म्हणून आवाजास अग्रक्रम देणे व मोठ्या पॅकेटांचे तुकडे करणे या रीती रूढ झाल्या. तिसरी अडचण पत्त्यांची होती. शाखेतील सर्व उपकरणे बाहेरच्या जगासाठी एकच सार्वजनिक पत्ता वापरीत. दूरध्वनी मात्र संकेतात आपला आतला पत्ता कळवी. परिणामी उलट दिशेचा आवाज पोहोचत नसे आणि एकाच बाजूस ऐकू येई. आपला बाहेरचा पत्ता दूरध्वनीने शोधून काढण्याची पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

संपर्क तुटल्यास : जुन्या दूरध्वनीस केंद्रातून ४८ व्होल्टचा विद्युत् पुरवठा तारेतूनच मिळे, त्यामुळे कचेरीतील वीज गेली, तरी तो चालू राही. नव्या दूरध्वनीस स्थानिक वीज लागते. संगणकीय तारेतूनच वीज देण्याचे मानक २००३ मध्ये ठरले. पण ती वीजही त्याच इमारतीतून येते. शिवाय मुख्यालयाचा मार्ग तुटल्यास नियंत्रकाशी संपर्क राहत नाही आणि शाखेतील एका मेजावरून शेजारच्या मेजाशीही दूरध्वनीवर बोलता येत नाही. म्हणून शाखेच्या मार्गनिर्देशक यंत्रातच तात्पुरते नियंत्रण हाती घेण्याची सोय करण्यात आली व एक-दोन स्थानिक लाइनी राखून ठेवण्याची प्रथा पडली. जे केंद्र शाखेतून काढून टाकले होते, तेच अशा रीतीने लहान रूपात परत आले.

आपत्तीच्या वेळी हा प्रश्न जिवावर बेतू शकतो. शाखेतून केलेली मदतीची हाक मुख्यालयातून सार्वजनिक जाळ्यात गेली, तर ती भलत्याच शहरातील पोलिसांकडे पोहोचते. अमेरिकेत २००५ मध्ये इंटरनेट-दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकाचे ठिकाण मदतकेंद्रास कळविण्याचे बंधन घालण्यात आले. २०१८ च्या कायद्याने कार्यालयीन यंत्रणेतून ९११ हा क्रमांक आधी कोणताही अंक न फिरविता लागला पाहिजे, असे ठरविले.

भारतातील स्थिती : भारतात जनतेसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, परंतु १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने इंटरनेट दूरध्वनीस त्या टप्प्यावर परवानगी नाकारली. त्यामागे महसुलाचा विचार होता. मुंबईतील संभाषण कंपनीच्या खाजगी मार्गाने नागपूरच्या शाखेत नेऊन तेथे स्थानिक लाइनीवर सोडले, तर दूर अंतराचे शुल्क बुडत असे. १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. तरीही कंपनीचे अंतर्गत जाळे आणि सार्वजनिक जाळे एकमेकांत मिसळू नयेत, हे बंधन राहिले. त्यामुळे एकाच यंत्रात दोन्ही ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांचे तार्किक विभाजन करावे लागे. २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटास एक रुपया हा दर लागू केल्यावर अंतराचे महत्त्व बरेच उरले नाही. विभाजनाचा नियम मात्र टिकून राहिला. कारणाहून नियम दीर्घायुषी ठरल्याचे हे उदाहरण होय. परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट दूरध्वनी सेवेची मोकळीक २०१८ मध्ये मिळाली. कॉल सेंटरसारख्या सेवासंस्थांवरील अटी २०२० व २०२१ मध्ये सैल करण्यात आल्या आणि त्यांचे केंद्र कोठेही असण्यास मुभा मिळाली. १८८५ च्या तार अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला.

मार्ग रुंद झाल्याने अरुंदपणाच्या अडचणी बव्हंशी मागे पडल्या आहेत. नियंत्रक संगणकही अनेकदा मुख्यालयात नसून सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकगृहात असतो. तथापि अवलंबनाचा प्रश्न त्यामुळे मिटलेला नाही. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला आहे. म्हणूनच शाखेसाठी दुसरा स्वतंत्र मार्ग, काही काळ पुरेल इतकी राखीव वीज व मदतकेंद्रास कळणारा अचूक पत्ता या तीन गोष्टी आजही आवश्यक मानल्या जातात.