बारा फोटोंचा रोल

दिवाळीच्या आधी माळा उतरवून झाडायचा, ही आमच्या घरातली जुनी चाल. यंदा मात्र माळा उतरवला तो सणासाठी नव्हे. मुलुंड पूर्वेला मिठागर रस्त्याजवळची आमची दुमजली इमारत पाडून तेथे मोठी इमारत उभी राहायची आहे आणि त्यासाठी आम्हांला घर रिकामे करून द्यायचे आहे. साठ-पासष्ट वर्षांचा संसार चार दिवसांत निवडायचा म्हटले की माणूस निर्दय होतो. फुटके घंगाळ, पाय मोडलेला चौरंग, वाती नसलेले दोन स्टोव्ह असे एकेक भंगारवाल्याच्या वाट्याला जात होते. त्यांतच बिस्किटांचा एक गंजलेला पत्र्याचा डबा निघाला. आत काळ्या फिती, कडेने वळलेल्या. "अण्णांच्या निगेटिव्ह दिसताहेत. आता यांच्या कॉप्या कोण काढणार?" असे म्हणून मीच तो डबा रद्दीच्या ढिगावर टाकला.

तो परत उचलला माझ्या भाचीने. ही मुलगी पक्षी पाहणाऱ्या मंडळींपैकी आहे. रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून भांडुपच्या खाडीकाठी चिखल तुडवीत हिंडते आणि घरी येऊन मोबाइलवर कसल्या तरी याद्या भरते. तिने एक फीत खिडकीच्या उजेडात धरली, मग दुसरी धरली, आणि एकदम ओरडली, "मामा, ही गिधाडं आहेत! मुलुंडला गिधाडं?"

"असतील," मी म्हणालो. "अण्णांना तीच भेटायची."

"कधीचा रे हा फोटो? आणि नक्की कुठला?"

या दोन साध्या प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. अण्णांनी कधी फोटोच्या पाठीवर एक अक्षर लिहिले नाही. रेल्वेच्या हिशेब कचेरीत जन्मभर तारखा लिहून त्यांचा हात बहुधा विटला असावा.

अण्णांचा कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक-थ्री. बडोद्याला तयार होणारा हा काळा ठोकळा त्या काळी मध्यमवर्गीयांच्या कितीतरी घरांत असे. त्याच्या रोलवर चौकोनी बारा फोटो निघत, तेरावा नाही. रोल विकत घ्यायचा, तो धुवायला टाकायचा, मग निवडक कॉप्या काढायच्या, असा हा खर्च तीन हप्त्यांनी पगारावर येई. म्हणून आमच्याकडे दसऱ्याला रोल भरला जाई आणि भाऊबीजेला संपे. बारांपैकी कोणाच्या वाट्याला किती, याची आईने मनातल्या मनात वाटणी केलेली असे. अण्णा ती वाटणी दरवर्षी मोडीत.

त्यांना माणसांपेक्षा इतर गोष्टींचे फोटो काढण्याची खोड होती. अंधेरीला माझी आत्या राहत असे, गिल्बर्ट टेकडीच्या अंगाला. ही टेकडी म्हणजे उभ्या खांबांची मोळी बांधावी तसा काळ्या पाषाणाचा दोनशे फूट उंच सुळका आहे. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, माथ्यावर गावदेवीचे देऊळ. आत्या नवे लुगडे नेसून मोठ्या हौसेने पुढे उभी राहिली. फोटो धुवून आला तेव्हा टेकडी देवळासकट संपूर्ण आलेली आणि आत्याचे डोके उडालेले! जवळच्या वस्तूचा फोटो काढताना या कॅमेऱ्याच्या खिडकीतून जे दिसते तेच नेमके फिल्मवर येत नसे, हे त्यामागचे खरे कारण. आत्याला ते शेवटपर्यंत पटले नाही. आज गिल्बर्ट टेकडीला चहूंकडून इमारतींनी असे वेढले आहे, की ती पाहायची तर शोधत जावे लागते. अण्णांच्या फोटोत ती मोकळ्या आभाळात उभी आहे. आत्या नसली तरी तेवढे त्यात आहे.

पण सर्वांत मोठे रणकंदन झाले ते गिधाडांवरून. त्या वर्षी कोणाच्या तरी तबेल्यातली मेलेली म्हैस मिठागरांपलीकडे टाकली होती. अण्णा सकाळी फिरायला गेले ते कॅमेरा घेऊन, आणि सणाच्या रोलवरचे दोन फोटो त्या गिधाडांवर घालवून आले. आई चकल्यांचा सोऱ्या खाली ठेवून म्हणाली, "अहो, दिवाळीच्या रोलवर मेली गिधाडं काढलीत? अपशकुनी!" मीही आईची बाजू घेतली. माझ्या नव्या शर्टाचा फोटो त्या पक्ष्यांनी खाल्ला होता! कॉप्या काढताना ते दोन वगळले गेले, आणि मग ते कोणी पाहिलेच नाहीत.

डबा हाती आल्यावर मला मात्र कुतूहल वाटू लागले की, अण्णांसारख्यांची ही हौस आली कोठून? म्हणून थोडे वाचले. तेव्हा कळले की या वेडाची मुंबईतली वंशावळ बरीच जुनी आहे. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली; ती मुलुंडवरूनच गेली. त्यानंतर दीडच वर्षाने, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. लंडनची सोसायटी १८५३ ची, म्हणजे आपण विलायतेच्या फारसे मागे नव्हतो. कलकत्ता आणि मद्रास तर १८५६ साली जागी झाली. मुंबईच्या सोसायटीत साहेब लोकांबरोबर आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजीही होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढीत. एल्फिन्स्टन संस्थेत तर फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला होता. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे त्यावर आपला धंदा थाटला.

याच मंडळींतल्या विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ च्या अखेरीस हौशी फोटोग्राफरांसाठी एक मासिक आल्बम काढला. प्रत्येक अंकात अस्सल फोटो चिकटवलेले असत. जॉन्सन हा मूळचा सरकारी कारकून, म्हणजे अण्णांच्याच जातकुळीचा! पण पुढे त्याने मुंबईतल्या नाना जातीजमातींवर दोन जाड ग्रंथ काढले आणि त्यांत एक गंमत केली. माणसांचे फोटो एकीकडे घेतले, देवळे, रस्ते आणि समुद्रकिनारे यांचे दुसरीकडे, आणि मग माणसे कापून त्या देखाव्यांवर बसवली. चित्रे देखणी आहेत. पण त्यांतला कोणताही माणूस त्या जागी कधी उभा नव्हता. आत्याचे डोके उडाले, पण ती उभी होती हे तरी खरे.

या जुन्या संग्रहांत लेणी आहेत, देवळे आहेत, आखून-रेखून बसवलेली माणसे आहेत. पक्षी मात्र शोधून सापडत नाही. त्याचे कारण त्या काळच्या कृतीत आहे. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, कित्येक सेकंद उघडी ठेवायची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. मुंबईच्या उन्हात ती लवकर वाळे. बोटे काळी पडत ती वेगळीच. अशा कारभारात चिमणी कशाला बसून राहील? म्हणून जे हलत नाही ते फोटोत आधी आले. त्या साऱ्या साष्टी बेटावर कान्हेरीसारखे गरीब गिऱ्हाईक दुसरे नव्हते : शंभरावर लेणी, दोन हजार वर्षे एका जागी बसलेली. कान्हेरीचे वेडही हौशी लोकांनाच लागले. तिथल्या शिलालेखांच्या नकला १८६० च्या सुमारास ज्या एडवर्ड वेस्टने उतरवून घेतल्या, तोसुद्धा रेल्वेचाच इंजिनियर. अण्णाही आम्हांला कान्हेरीला नेत. बोरिवली स्टेशनापासून रानातून पायी. तिसऱ्या लेण्यातल्या बुद्धाच्या पायाशी माझा थोरला भाऊ उभा आहे, असा एक फोटो डब्यात आहे. भावाची मान वर आहे आणि बुद्ध कमरेपर्यंतच आला आहे.

पक्ष्यांचा हिशेब ठेवणारे पुढे निघाले, पण तो कागदावरचा हिशेब. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून मुंबई आणि साष्टीतल्या पक्ष्यांची जंत्री बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः दिली. आपल्या अंधेरी-बोरिवलीच्या पाखरांचा तो पहिला मोठा खतावणीवजा ग्रंथ. पक्ष्यांचे फोटो म्हणाल तर ते काम राजेरजवाड्यांचे. सिंगापूरचे धनाढ्य गृहस्थ लोक वान थो महायुद्धाच्या दिवसांत हिंदुस्थानात आले, सालिम अलींबरोबर हिंडले आणि त्यांनी अप्रतिम फोटो घेतले. पण त्यांच्यापाशी वेळ होता, भिंगे होती आणि पैसा होता.

बारा फोटोंच्या ठोकळ्याने काय होणार? लांबचे टिपायची त्यात सोय नाही, उडते टिपायची नाही. खंड्या त्यात ठिपका म्हणून येतो. आणि इथे मला अण्णांच्या गिधाडांचे कोडे उलगडले. पोटभर खाल्लेले गिधाड जड होते. त्याला चटकन उडता येत नाही. ते बांधावर मान आखडून तासन्‌तास बसते आणि माणसाला पुष्कळ जवळ येऊ देते. आग्फा क्लिक-थ्रीसमोर शहाण्यासारखा बसेल असा मुलुंडमध्ये तोच एक मोठा पक्षी होता! अण्णा अपशकुनाच्या मागे नव्हते. हाती असलेल्या यंत्राने जमेल तो पक्षी त्यांनी काढला.

भाचीने त्या दोन निगेटिव्ह यंत्रावर घालून मोठ्या केल्या. पहिल्या फोटोत बांधावर चार आणि ताडाच्या शेंड्यावर दोन. दुसऱ्यात एकाने ऊन घ्यायला पंख पसरले आहेत आणि पाठीवरचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसतो. पांढऱ्या पाठीचे गिधाड. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने जे सांगितले ते मी वर्तमानपत्रात तुकड्यातुकड्यांनी वाचले होते, पण आमच्या मिठागराशी जोडले नव्हते. १९९० नंतर ही गिधाडे देशभर पटापट मरू लागली. रोग असावा असे पुष्कळांना वाटले. २००४ साली कारण छापून आले : गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक नावाचे औषध. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली आपल्याकडे गुरांसाठी ते बंद झाले. पण २००७ च्या गणतीत १९९२ च्या मानाने हजारांतले जेमतेम एक पांढऱ्या पाठीचे गिधाड उरले होते. पद्धतशीर मोजणी सुरू झाली तीच मुळी १९९० नंतर. त्याआधी मुलुंडची गिधाडे कोण मोजणार? ती कावळ्यांसारखी होतीच. आज त्याच खाडीवर हजारो रोहित उतरतात. २०१५ साली तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य झाले आणि रविवारी तोफेएवढी भिंगे लावून माणसे रांगेने उभी राहतात. त्यांतल्या एकालाही मी कावळ्याचा फोटो काढताना पाहिले नाही.

"तारीख आणि जागा मिळाली तर हा पुरावा, मामा," भाची म्हणाली. "नाही तर नुसता जुना फोटो."

आणि मी तो डबा रद्दीत टाकला होता!

आम्ही दोघे तीन संध्याकाळी फिती मांडून बसलो. धुणाऱ्याने रोल तीन-तीन फोटोंच्या तुकड्यांत कापलेला. एका तुकड्यात थोरला भाऊ अर्धवट चिकटवलेल्या आकाशकंदिलाच्या काड्या धरून आहे. या तुकड्याच्या कापलेल्या कडेला ज्याची कड जुळते, त्या पुढच्या तुकड्यावर पहिली दोन गिधाडांची चित्रे आणि तिसऱ्या चौकोनात आई. आईच्या मांडीवर झबले-टोपडे घातलेले सात-आठ महिन्यांचे मूल, कपाळावर आंघोळीनंतरचे ओले कुंकू. ती माझी धाकटी बहीण, भाचीची आई. तिचा जन्म १९६८ च्या मार्चमधला. म्हणजे ही तिची पहिली दिवाळी, आणि कंदील चिकटवण्यापासून अभ्यंगस्नानापर्यंतच्या त्या आठ-दहा दिवसांत, १९६८ च्या ऑक्टोबरात, मुलुंडच्या मिठागरावर किमान सहा गिधाडे होती.

जागेसाठी भाची मला बांधावर घेऊन गेली. फोटोत गिधाडांमागे खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगराची रेघ अंधूक दिसते. खाणींनी त्या डोंगराची कूस पुष्कळ खाल्ली आहे. तरी माथ्यावरचे दोन उंचवटे तसेच आहेत. मोबाइलमधला फोटो डोळ्यांसमोर धरून आम्ही बांधावर मागे-पुढे सरकत राहिलो. एके ठिकाणी उंचवटे एकावर एक बसले. ताड अर्थात नव्हता. चिखलात माझी एक चप्पल रुतली ती तिथेच राहिली.

रात्री भाचीने सगळे रीतसर नोंदवले : पक्षी, संख्या, महिना, साल, जागा, फोटो काढणाराचे नाव. अण्णांचे नाव कोणत्याही यादीत, रेल्वेच्या हजेरीपटानंतर, प्रथमच चढले. मी सगळ्या फितींच्या पाकिटांवर पेन्सिलीने तारखा घालायला बसलो आहे. निम्म्यांच्या जुळल्या, निम्म्यांच्या जुळत नाहीत.

बहिणीला पुण्याला फोन करून ही हकीकत सांगितली. आपल्या पहिल्या दिवाळीचा फोटो असल्याचे तिला सत्तावन्न वर्षांत माहीत नव्हते. ती जरा वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "पण दादा, ती सहाची संख्या तुम्ही नीट मोजलीत ना? मला धरून नाही ना?"