उसना मुलगा

आम्ही चौघी बहिणी, मी शेंडेफळ. पाठीवर मुलगा व्हावा म्हणून आजीने माझे केस बारीक कापून ठेवले होते. अंगात शर्ट-चड्डी, आणि हाक 'बाळू'. दुधावरची साय मला मिळायची. आठव्या वर्षी परकर-पोलके आले. बाळू गेला, त्याच्याबरोबर सायही गेली.

परवा अफगाणिस्तानातल्या 'बच्चा पोश' या प्रथेबद्दल वाचताना हे आठवले. दरी भाषेत याचा अर्थ 'मुलग्याचा वेश केलेली'. आपला 'पोशाख' शब्दही त्याच फारसी कुळातला. घरात मुलगा नसला की एखाद्या मुलीचे केस कापायचे, तिला मुलग्याचे कपडे आणि नाव द्यायचे. मग ती दुकानात बसते, बाजारहाट करते, बहिणींना सोबत करते. अशाने पुढचा मुलगाच होतो, हा समज तिथेही आहे. मुलगी वयात आली की बहुधा हे सगळे थांबते.

ही प्रथा जुनी आहे. अमीर हबीबुल्लाखान (1901 ते 1919) यांच्या जनानखान्यावर पुरुषी वेशातल्या बायकांचा पहारा असे. त्यांचे छायाचित्रही उपलब्ध आहे.

जेनी नॉर्डबर्ग या स्वीडिश पत्रकार बाईंनी 2014 मध्ये या मुलींवर पुस्तक लिहिले. त्यात अझिता रफात भेटतात. 2005 मध्ये त्या बादघिस प्रांतातून खासदार झाल्या. चार मुली, मुलगा नाही, म्हणून लोक त्यांची कीव करत. अखेर त्यांनी धाकटीला मुलगा केले. लहानपणी अझिता स्वतः काही वर्षे मुलगा होऊन वडिलांचे दुकान सांभाळत होत्या. पुढे त्याच हुशार मुलीला नात्यातल्या एका निरक्षर पुरुषाला दुसरी बायको म्हणून दिले.

इथे मी पुस्तक मिटून बसून राहिले. दुकानाचा हिशेब सांभाळणारे डोके तर तिचेच होते! कपडे बदलल्यावर ते कुठे गेले?

2021 मध्ये तालिबान परत आले आणि सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. जन्मभर मुलींना शिकवलेल्या मला हे वाचवत नाही. अशा वेळी एखादी आई लेकीचे केस कापायला बसली, तर तिला नावे कशी ठेवू?

आजीलाही आता मी दोष देत नाही. चार नातींपैकी एकीला तरी तिने साय खाऊ घातली. पण उरलेल्या तिघी समोर बसून बघत होत्या, हे मी विसरलेले नाही.

तुमच्या घरात असा कोणी 'बाळू' होता का? जरूर कळवा.