त्रिरश्मीवरील दात्या

नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला जी टेकडी दिसते, तिच्यातील लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. कोणी खोदले ते ठाऊक नसले, की तेथे पांडवांचे नाव द्यावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीतच आहे. लेण्यांतील शिलालेखांत या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी म्हटले आहे. तेथे एकंदर २४ लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी त्यांच्या खोदकामास आरंभ झाला, आणि ते पुढे कित्येक शतके चालले. यासाठी पैसा कोणी दिला, याचा हिशेब तेथील भिंतींवरच कोरून ठेवला आहे. त्या हिशेबात बायकांची नावे कशी आणि किती ठळकपणे आली आहेत, हे आपल्या मंडळाच्या भगिनींना कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेथे जाण्याचा योग मात्र अगदी अचानक आला. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. या लेखांची भाषांतरे मी कितीदा तरी वाचली. पण लेणी पाहण्याचे राहूनच गेले होते. गेल्या मार्गशीर्षात एका शुक्रवारी संध्याकाळी आपल्या मंडळाच्या खजिनदारबाई हिशेबाच्या वह्या मिटून मला म्हणाल्या, “अगं, उद्या-परवा दोन दिवस घरी कोणी नाही. चल, कुठे तरी जाऊन येऊ.” खजिनदारबाई ही माझी बालपणापासूनची मैत्रीण, तेव्हा या लेखात तिला एकेरी संबोधले तर वाचकभगिनींनी रागावू नये. मी म्हटले, “नाशिक.” ती म्हणाली, “देवदर्शन?” मी म्हटले, “तेही करू. पण आधी तुला दोन हजार वर्षांपूर्वीच्या पावत्या दाखवते.” पावत्या म्हटल्यावर तिने अधिक विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दशम्या आणि लसणीची चटणी बांधून घेऊन आम्ही कल्याणला गाडी धरली.

टेकडीला सुमारे २०० पायऱ्या आहेत. गुडघ्यांची विचारपूस करीत, मधूनमधून टेकत आम्ही वर गेलो. ऊन कोवळे होते आणि वर वारा छान होता.

प्रथम १० व्या क्रमांकाचे लेणे पाहावे. याला नहपानाचे लेणे म्हणतात. नहपान हा क्षहरात वंशातला शक क्षत्रप. त्याचा जावई उषवदात याने हे लेणे खोदविले. उषवदाताचे लेख मोठमोठे आहेत. पण माझे पाऊल थबकले ते व्हरांड्यातील एका खोलीच्या दाराशी. त्या दारावर एक अगदी लहान लेख आहे. नहपानाची कन्या, दीनीकपुत्र उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने ही खोली दान दिली, एवढेच त्यात म्हटले आहे. खोलीला शब्द वापरला आहे ‘ओवरक’. आपल्या देवळांतील ओवरी ती हीच! नवऱ्याने सबंध लेणे दिले, तरी तिने आपली एक ओवरी निराळी दिली आणि तिच्यावर आपले नाव घातले. हे वाचून दाखवल्यावर मैत्रीण हसून म्हणाली, “म्हणजे बाईने आपली पावती वेगळी फाडून घेतली तर!”

तिचे खरे लक्ष वेधले ते उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखाने. नहपानाच्या ४१, ४२ आणि ४५ या वर्षांचा त्यात उल्लेख आहे. त्याने या लेण्यातील भिक्षूंसाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. आजच्या पतपेढीचेही काम तो करी. एका श्रेणीकडे २००० ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. २००० च्या व्याजातून पावसाळ्यात येथे राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे वस्त्रांसाठी द्यावयाची. मैत्रिणीने तेथल्या तेथे बोटांवर हिशेब केला. दोन हजारांचे महिन्याला २०, वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराप्रमाणे २४०. “अगं, कवडीचा फरक नाही!” असे ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की शेजारी आलेली कॉलेजची मुले वळून पाहू लागली. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकावर नोंदविला होता, असेही त्या लेखात आहे. म्हणजे सर्वसाधारण सभा झाली आणि ठरावही वहीत चढला!

याच लेण्याच्या अंगणात पुढच्या काळातील, आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षातला एक लेख आहे. तो एका बाईचा आहे, आणि माझ्या मते आपल्या मंडळाने तो मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. तिचे नाव विष्णुदत्ता. शक अग्निवर्मा याची मुलगी, गणपक रेभिल याची पत्नी, गणपक विश्ववर्मा याची आई, अशी तिने आपली ओळख दिली आहे. त्रिरश्मी डोंगरावरील विहारात राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने कायमचा निधी ठेवला. तो तिने एकाच ठिकाणी ठेवला नाही. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे १००० कार्षापणे ठेवली, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २०००. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचेही नाव त्यात आहे. त्यापुढची अक्षरे झिजली आहेत. एक धंदा बसला तरी दुसऱ्याचे व्याज येत राहावे, हे त्या बाईला कळत असले पाहिजे. आपल्या मंडळाचा आजारी साहाय्य निधी सुरू करताना ‘बायकांना पैशांतले काय समजते’ असे जे उद्गार निघाले होते, ते जुन्या सभासदांना आठवत असतील. त्यांना विष्णुदत्तेचे उत्तर अंदाजे सतराशे वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे.

तेथून आम्ही ३ ऱ्या क्रमांकाच्या लेण्याकडे आलो. हे लेणे राजमाता गौतमी बलश्रीचे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा आईच्या नावाने ओळखला जावा, हे सातवाहनांच्या घराण्यात दिसते. म्हणूनच आपण त्याला ‘गौतमीपुत्र’ म्हणतो. त्याने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. एवढा मोठा तो विजय!

या लेण्यात दोन लेख असे आहेत, की ते एकापाठोपाठ वाचले म्हणजे जीव हलतो. पहिला गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाचा. भिक्षूंना पूर्वी दिलेल्या शेताचे गाव ओस पडले, शेत पिकेना, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने जमीन द्यावी, अशी ती आज्ञा आहे. ती राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावाने निघाली आहे. लोटा नावाच्या एका प्रतीहारीचे, म्हणजे राजद्वारावरच्या अधिकारी बाईचेही नाव तीत आले आहे. आणि राजमातेला विशेषण लावले आहे ‘जीवसुता’. जिचा पुत्र जिवंत आहे, ती जीवसुता.

दुसरा लेख व्हरांड्याच्या मागील भिंतीवर, दाराच्या वर आहे. तो नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरलेला आहे. मुलगा मागे गेला, नातू गादीवर बसून एकोणीस वर्षे झाली, आणि म्हातारी आजी लेणे दान देत आहे. लेखाचा बराचसा भाग मुलाच्या वर्णनाचा आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यालेले; शक, यवन, पह्लवांचा त्याने पाडाव केलेला; क्षहरातांचा वंश निःशेष केलेला. पण त्याबरोबरच तिने लिहविले आहे, की तो प्रजेच्या सुखदुःखात सारखाच सहभागी होता, न्यायाने कर घेई, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती, आणि आईची सेवा त्याने अखंड केली. येथे मात्र ‘जीवसुता’ हा शब्द नाही. स्वतःविषयी तिने सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी आणि तप, नियम, उपवास करणारी असे म्हटले आहे. राजाची आई आणि राजाची आजी, हे दोन्ही ती नोंदविते.

हे वाचून दाखवल्यावर मैत्रीण कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती दुसरी, नहपानाची मुलगी, तिचे नाव यांनी खरवडून का टाकले नाही गं?” प्रश्न मार्मिक होता. बलश्री ज्या क्षहरातांचा वंश बुडविल्याचे अभिमानाने सांगते, त्याच वंशाच्या लेकीचे नाव त्याच डोंगरावर, थोड्याच अंतरावर शाबूत आहे. राजाचा छाप नाण्यांवर बदलला गेला, पण लेकीची ओवरी तशीच राहिली. धर्मकार्याला दिलेले दान शत्रूच्या घरचे असले तरी दानच, ही त्या काळची समज यात दिसते, असे मला वाटते.

१८ व्या क्रमांकाच्या चैत्यगृहातही एका बाईचे नाव आहे. राजाच्या अमात्याची पत्नी भट्टपालिका हिने ते पूर्ण करविले. ही सारी नावे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. मधल्या अनेक शतकांत ती कोणालाच वाचता येत नव्हती. गेल्या शतकाच्याही मागे, १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांचे वाचन दिले, तेव्हा त्या पुन्हा बोलू लागल्या.

रविवारी सकाळी पंचवटीत गेलो. काळाराम मंदिराच्या दाराशी उभे राहिल्यावर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहाची आठवण होणे साहजिकच होते. देवळात पाऊल टाकण्याच्या हक्कासाठी पाच वर्षे चाललेल्या त्या लढ्यात बायकाही होत्या. पुढाऱ्यांची नावे ग्रंथांत आली. त्यांच्यामागे उन्हात बसलेल्या बायकांची नावे कोणी दगडावर कोरून ठेवली नाहीत.

आता मुद्द्याचे लिहिते. मंडळाचे जुने देणगीपुस्तक मी आणि खजिनदारबाईंनी परत आल्यावर उघडले. पहिल्या काही वर्षांच्या पानांवर ‘सौ.’च्या पुढे यजमानांचे नाव आहे, किंवा नुसते ‘एक भगिनी’. चार सतरंज्या, पितळी पातेले, शिवणयंत्र या वस्तूंची नोंद आहे. ती कोणाच्या हातून आली याची नाही. विष्णुदत्तेनेही वडील, पती, पुत्र या तिघांची नावे दिली. पण आपले स्वतःचे नाव त्यांत हरवू दिले नाही. तेव्हा कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोघींनी असा ठराव मांडला आहे, की या वर्षात पहिल्या पंधरा वर्षांतील प्रत्येक दात्या भगिनीचे स्वतःचे नाव, माहेरचे नाव आणि तिने काय दिले, हे नव्या वहीत उतरवून घ्यावे. ज्यांच्या घरी आई, सासू, आत्या, मावशी मंडळाच्या आरंभापासून होत्या, त्यांनी कृपया मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी कार्यालयात यावे. देणगी केवढी होती याचा संकोच मनात आणू नये. पातेल्याचीही नोंद होईल, आणि ती सभेत वाचूनही दाखविली जाईल.