'धावणे' आणि 'पळणे' : अर्थ, व्युत्पत्ती आणि वापर

प्रस्तावना :
शीघ्र गती दर्शविणारी 'धावणे' व 'पळणे' ही क्रियापदे सामान्यतः समानार्थी मानली जातात. तथापि त्यांचा इतिहास भिन्न आहे. हा भेद दुर्लक्षित राहिल्यास जुन्या मजकुराचा अर्थ लावताना गफलत होऊ शकते. प्रस्तुत लेखात या दोन क्रियापदांची व्युत्पत्ती व वापर यांचा थोडक्यात विचार केला आहे.

व्युत्पत्ती :
'धावणे'चे मूळ संस्कृत 'धाव्' या धातूत आहे. धातुपाठात त्याचे गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिले आहेत. शुद्धीचा अर्थ 'दंतधावन' या शब्दात टिकला; मराठी क्रियापदाने मात्र गतीचाच अर्थ स्वीकारला. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) 'धांवणें' असे सानुस्वार रूप आढळते. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनंतर असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले.

'पळणे' हे 'परा' (दूर) हा उपसर्ग आणि 'अय्' (जाणे) हा धातू यांच्या संयोगातून आले. उपसर्गातील 'र'चा 'ल' होऊन 'पलायते' हे रूप सिद्ध होते. पाणिनीने 'अष्टाध्यायी'त त्यासाठी सूत्र दिले आहे. दोन स्वरांमधील एकेरी 'ल'चा मराठीत 'ळ' होतो (फल-फळ), त्यानुसार 'पळणे' हे रूप झाले. चोवीस सेकंदांचे कालमान दर्शविणारा 'पळ' हा शब्द संस्कृत 'पल'पासून आला असून त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही.

वापर :
मूळ अर्थांची दिशा वाक्प्रचारांत स्पष्ट दिसते. मदतीला माणूस 'धावून येतो', भक्त देवाचा 'धावा' करतो. उलट, भित्रा 'पळ काढतो', कायद्यातून 'पळवाट' शोधली जाते आणि पराभूताला 'पळता भुई थोडी' होते. एकात कोणाकडे तरी जाणे आहे, दुसऱ्यात कशापासून तरी दूर जाणे. म्हणूनच पानिपतच्या युद्धासारख्या (१७६१) प्रसंगाविषयीच्या लेखनात 'पळाला' हे क्रियापद आले, तर ते केवळ वेग सांगते की लेखकाचा निवाडाही, हे अभ्यासकाने संदर्भानुसार ठरवावे लागते.

मात्र हा भेद सर्वत्र सारखा नाही. ग्रामीण बोलींत 'पळणे' हेच धावण्याचे नित्याचे क्रियापद आहे. शर्यतीचा बैल 'चांगला पळतो' हे कौतुकच होय. तेथे पलायनाचा लवलेशही नाही. क्रिकेटमधील 'धावा', 'धावचीत' तसेच विमानतळावरील 'धावपट्टी' या पारिभाषिक शब्दांसाठी प्रमाणभाषेने 'धाव' निवडली आणि औपचारिक लेखनात तिला अधिक प्रतिष्ठा लाभली.

निष्कर्ष :
'पळण्याची शर्यत' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा शब्द अशुद्ध ठरविण्यास व्युत्पत्तीचा आधार नाही. दोन्ही शब्दांची परंपरा संस्कृतापर्यंत पोहोचते. मूळ अर्थ शब्दाची वाट दाखवितो, परंतु त्याचा आजचा अर्थ बोलणाऱ्या समाजाच्या वापरातूनच ठरतो. ऐतिहासिक मजकूर वाचताना आणि उत्तरपत्रिका तपासताना ही दोन्ही सत्ये ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.