‘सार्वकालिक’ शब्दाचा अर्थ

व्युत्पत्ती कळली की शब्दाचा अर्थ कळला, असा आम्हा भाषेच्या शिक्षकांचा एक लाडका समज असतो. अनेक भाषांच्या शेजारात वसलेल्या बिरसा येथे तो तपासून पाहणे उचित होईल. त्यासाठी ख्रिस्ती धर्मातील एक जुना वाद घेतो : पाप्याची पारलौकिक शिक्षा अनंत की मर्यादित?

वादाच्या केंद्रस्थानी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातील 46 वे वचन आहे. तेथे दुष्टांची शिक्षा आणि नीतिमानांचे जीवन या दोहोंस ‘आयोनिओस’ हे एकच ग्रीक विशेषण लावलेले आहे. ‘आयोन’ म्हणजे आयुष्य, युग. संस्कृत ‘आयुस्’ त्याचा सगोत्र. यावरून कित्येकांनी ‘युगापुरती शिक्षा’ असा अर्थ काढला. शिक्षावाचक ‘कोलासिस’ शब्दाच्या मुळाशी छाटण्याची कल्पना असून, अशी शिक्षा ती भोगणाऱ्याच्या हितासाठी असते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले होते. उलट ऑगस्टीनने पाचव्या शतकात विचारले, की त्याच वाक्यातील जीवन अनंत मानावयाचे, तर शिक्षा तेवढी मर्यादित कशी?

एकोणिसाव्या शतकात हा वाद इंग्लंडात पुन्हा पेटला. 1853 मध्ये फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांना याच प्रश्नावरील मतांमुळे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. 1877 मध्ये अनंत नरकाविरुद्ध प्रवचने देणारे फ्रेडरिक फॅरर 1831 साली मुंबईत जन्मले होते. त्यांचे वडील नाशिकला मिशनरी होते.

परंतु या प्रश्नाची खरी झळ सोसली ती एका मराठी पंडिताने. नीळकंठशास्त्री गोरे 1825 साली झाशीजवळ कोकणस्थ कुटुंबात जन्मले व काशीत वाढले. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षे’ला उत्तर म्हणून त्यांनी 1844-45 च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. एका आयुष्यातील पापासाठी अंतहीन नरक, हा दयाळू ईश्वराचा न्याय कसा, असा त्यांचा आक्षेप होता. 1848 मध्ये त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. आणि 1868 मध्ये त्याच अनंत शिक्षेवरील आक्षेपांना उत्तर देणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. आक्षेप घेणारा आणि उत्तर देणारा एकच मनुष्य होता.

मराठी बायबलात ‘आयोनिओस’ला ‘सार्वकालिक’ आणि ‘गेहेन्ना’ला ‘नरक’ हे प्रतिशब्द रूढ झाले. गेहेन्ना हे मूळ यरुशलेमजवळील हिन्नोमच्या दरीचे नाव. ‘नरक’ शब्दाचा संबंध यास्काने खाली जाण्याशी जोडला. पण आपल्या परंपरेत नरकातील भोग सरला की जीव सुटतो. मूळ ग्रीक शब्दाने जो प्रश्न मोकळा ठेवला, तो ‘सार्वकालिक’ने मिटविला, आणि ‘नरक’ शब्दाने सुटकेची जुनी आशा नकळत आत आणली.

तात्पर्य, व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते, न्याय सांगत नाही. गोऱ्यांचा प्रश्न कोशातला नव्हता. अपराध आणि शिक्षा यांचे प्रमाण कोणते, हा तो प्रश्न होय. तो ख्रिस्त्यांचा तसाच आपलाही आहे, आणि मुलांना शिक्षा करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्या शाळेत तो विचारला जावा, एवढीच माझी प्रार्थना.