मानवी प्रतिरूपण : अडचणी व धोके

मानवी प्रतिरूपण : एखाद्या व्यक्तीच्या कायिक कोशिकेतील केंद्रक, स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या अंडात बसवून त्यापासून त्या व्यक्तीशी आनुवंशिक दृष्ट्या समरूप असे अपत्य निर्माण करण्याची कल्पना. ती क्लोनिंग या नावानेही परिचित आहे. अशा रीतीने मनुष्य जन्मास आल्याचा एकही प्रमाणित दाखला नाही. डिसेंबर २००२ मध्ये ‘क्लोनेड’ या संस्थेने केलेला तसा दावा पुराव्याअभावी ग्राह्य ठरला नाही.

पूर्वपीठिका : अंड शरीराबाहेर काढणे, भ्रूण काचपात्रात वाढविणे व तो गर्भाशयात सोडणे या प्रतिरूपणास आवश्यक असलेल्या क्रिया भारतात परीक्षानलिका-अपत्याच्या निमित्ताने साध्य झाल्या. कलकत्ता येथे सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी असे अपत्य जन्मले. परंतु राज्य शासनाच्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी झालेला जन्म मात्र शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झाला. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे टी. सी. आनंद कुमार यांचे ते संयुक्त कार्य होते. पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासून आनंद कुमार यांनीच अग्रक्रमाचे श्रेय त्यांना दिले. उलटपक्षी, मानवी प्रतिरूप भ्रूणापासून मूलकोशिका मिळविल्याचे दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांचे निबंध बनावट ठरून जानेवारी २००६ मध्ये मागे घेण्यात आले. सत्य दावा नाकारला जाणे आणि खोटा स्वीकारला जाणे हे दोन्ही प्रमाद काटेकोर नोंदी व स्वतंत्र पडताळणी यांनीच टळतात.

जैव अडचणी : स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली ‘डॉली’ ही मेंढी २७७ पुनर्रचित अंडांतून मिळालेले एकमेव जिवंत कोकरू होय. त्यांपैकी २९ भ्रूणच गर्भाशयात सोडण्याजोगे झाले होते. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले म्हशीचे पहिले प्रतिरूप पारडू काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जून महिन्यात जन्मलेली ‘गरिमा’ मात्र जगली. प्रौढ कोशिकेतील जनुकांवरील रासायनिक खुणा अंडात पूर्णपणे पुसल्या जात नाहीत, हे अपयशाचे प्रमुख कारण होय. त्यामुळे गर्भपात, वारेतील दोष, गर्भाची अतिवाढ व नवजाताचा मृत्यू संभवतो. चीनमध्ये माकडांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गर्भकोशिकांपासून दोन पिले जगली. प्रौढ कोशिकांपासून झालेली दोन्ही पिले जन्मानंतर लवकरच मेली. प्रतिरूपे अकाली वृद्ध होतात ही सुरुवातीची भीती मात्र मेंढ्यांवरील पुढील निरीक्षणांनी बरीच कमी झाली आहे.

स्त्रियांवरील भार : अंडे मिळविण्यासाठी दात्रीस संप्रेरकांची अंतःक्षेपणे घ्यावी लागतात, त्यांतून अंडाशयाच्या अतिउत्तेजनाचा धोका उद्‌भवतो. २०२१ च्या साहाय्यित जननतंत्र अधिनियमानुसार दात्रीस आयुष्यात एकदाच अंडदान करता येते व तिच्यापासून सातांहून अधिक अंडे घेता येत नाहीत. डॉलीच्या प्रमाणाने हिशेब केल्यास एका अपत्यासाठी सुमारे ४० दात्री लागतील. शिवाय अयशस्वी गर्भधारणा सोसणाऱ्या स्त्रिया वेगळ्याच.

नैतिक व वैधानिक प्रश्न : जन्मणाऱ्या अपत्याची संमती घेता येत नाही, सदोष जन्माचे फळ मात्र त्यालाच भोगावे लागते. त्याचे आनुवंशिक नातेही संदिग्ध राहते : केंद्रकदाता त्याचा जनक म्हणावा की उशिरा जन्मलेल्या जुळ्यांपैकी थोरला, याचे उत्तर वारसाविषयक प्रचलित कल्पनांत मिळत नाही. मृत अपत्य ‘परत मिळेल’ ही आशाही व्यर्थ आहे. कलकणूंतील जनुके अंडदात्रीकडून येतात, तर गर्भावस्था, संगोपन व काळ ही सर्वस्वी भिन्न असतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनुष्याची प्रतिकृती जन्मास घालण्याच्या हेतूने होणारे संशोधन निषिद्ध ठरविले. मूलकोशिका संशोधनाच्या २००७ व २०१७ च्या तत्त्वांतही हा निषेध कायम राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ८ मार्च २००५ रोजी सर्व प्रकारच्या मानवी प्रतिरूपणाविरुद्ध घोषणापत्र ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केले. भारताने विरोधी मत दिले. कारण त्यात जननासाठी केलेले व उपचारासाठी केलेले प्रतिरूपण असा भेद नव्हता. हाच भेद धोरणाचा गाभा होय. रुग्णाच्या उपचारासाठी मूलकोशिकांचा शोध घेणे आणि अपत्याचा जीव प्रयोगास लावणे यांतील सीमारेषा जपणे हे प्रयोगशाळा, रुग्णालय व शासन या तिघांचेही उत्तरदायित्व ठरते.